पंपरूमची चावी

डासांचं नाव काढलं की आमच्या शांती नगरच्या लोकांना एकच गोष्ट हवी असते: धूर. मशीनवाला आला, गेटपाशी पांढरे लोट उठले की लोक खिडक्या लावून काचेआडून व्हिडिओ काढतात आणि आठवडाभर निश्चिंत होतात. निशिगंधा मेहेर रस्त्यापलीकडे उभी राहून हा तमाशा बघायची. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी," एवढंच म्हणायची. फटकळ बाई आहे, असं मी घरी सांगितलं होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. आपल्यालाच सगळं कळतं, असं मानणाऱ्यांपैकी.

निशिगंधा जुन्या भाईंदरच्या कोळी घरातली. आईने मासळी विकून शिकवली, लेक मलेरियावर संशोधन करू लागली. संशोधन म्हणजे एसीत बसून कॉम्प्युटर बघणं, असं मला वाटायचं. ही लांब दांड्याचा पांढरा डाव, टॉर्च आणि बाटल्यांची पिशवी घेऊन दारोदार फिरायची. जिथे ताप निघाला, तिथलं आसपासचं साठलेलं पाणी शोधायचं आणि डाव बुडवून अळ्या मोजायच्या. "गटारातला डास वेगळा, काका. मलेरियाच्या डासाला स्वच्छ पाणी लागतं. तुमच्या टाकीतलं."

तिला लोक काय काय बोलले! "किसका परमिशन है, मॅडम?" "आमच्याकडे सगळी चांगली माणसं राहतात." जणू मलेरिया माणसाचा पगार विचारून चढतो. नवघरला एका सोसायटीने तर तिला गेटवर दीड तास उभं केलं. हे ऐकून मी हसलो होतो. आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जुलैत आमच्या गल्लीत तीन जणांना मलेरिया निघाला आणि ती आमच्याकडे आली. तिला जमिनीखालची टाकी बघायची होती. टाकी पंपरूममध्ये, आणि पंपरूमची चावी माझ्या खिशात. पाणी मोजूनमापून येणाऱ्या गावात ती चावी म्हणजे केवढा रुबाब! मी म्हटलं, चेअरमन गावी गेलेत. पुढच्या वेळी म्हटलं, चावी सापडत नाही. तिसऱ्या वेळी मी गॅलरीतून तिला बघितलं आणि मी घरात नाही असं घरच्यांना सांगायला लावलं. खरं कारण सांगतो. दर सहा महिन्यांनी टाकी साफ होते, असं मी नोटीसबोर्डावर सहीनिशी लावत होतो, आणि चार वर्षांत टाकी एकदाही साफ झाली नव्हती. झाकण मोडलं होतं, त्यावर प्लायचा तुकडा टाकला होता. सदस्यांचं तोंड बंद करायला मी धूरवाल्याला बोलावलं.

पंपरूमला लागून वॉचमन बबनची खोली. त्याची बायको दुर्गा पाचव्या महिन्यात होती. एक दिवसाआड तिला हुडहुडी भरू लागली. बबनने मला विचारलं, "साहेब, डॉक्टरकडे नेऊ का?" मी तापाच्या गोळ्यांची पट्टी दिली आणि म्हटलं, हवा बदललीय, सगळ्यांनाच होतंय.

चौथ्या वेळी निशिगंधा आली, तेव्हा मी पुन्हा नाहीच म्हटलं. जाता जाता तिला बबनच्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. तिने दुर्गाच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. पंधरा मिनिटांत मलेरिया कळला. रिक्षात घालून तिनेच दुर्गाला हॉस्पिटलात नेलं. दुर्गा वाचली. पोटातलं बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी होती. एरवी शुद्ध बोलणारी बाई, पण त्या दिवशी आईची बोली तोंडात आली. "चावी दे. आज न्हाय बोललास ना, तर टाळा तोडीन."

मी कुलूप काढलं. तिने डाव बुडवला आणि माझ्या नाकाखाली धरला. पाण्यावर बारीक अळ्या आडव्या तरंगत होत्या. ती मोठ्याने मोजत होती. सतरा.

"हेच डास तिला चावले कशावरून?" मी विचारलं. हो, एवढं बघूनही मी हे विचारलं.

"तसं सिद्ध करता येत नाही. मी करणारही नाही. खोटं लिहिणं हे माझं काम नव्हे." तिने भिंतीवर हात आपटला. "ह्याच्या पलीकडे तिची खाट आहे. एवढंच मला ठाऊक आहे."

तिच्या वहीत आमच्या बिल्डिंगपुढे चार तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं होतं: प्रवेश नाकारला. माझं नाव कुठेच नव्हतं. संशोधनात नाव लिहीत नाहीत म्हणे. ते बघून मला क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचा संताप अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

टाकी साफ केली, नवं झाकण बसवलं. सेक्रेटरीपद सोडलं. निशिगंधा अजून दर मंगळवारी येते, डाव बुडवते, माझ्याकडे न बघता जाते. दुर्गा घरी आल्यावर मी चावी घेऊन तिच्या दारात गेलो. म्हटलं, ही आता तुझ्याकडे ठेव, मॅडम आल्या की उघडून देत जा.

ती खाटेवर बसली होती. तिने हात पुढे केला नाही.

"आता कशाला, काका?" ती म्हणाली.