नाव कापायचं नाही

मी आज जो काही आहे, तो इस्तेर साळवे बाईंमुळे आहे. आईवडिलांनी वाढवलं, पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मला बाईंनी केलं. काटोलच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. तासाच्या सुरुवातीला हजेरी. गैरहजर मुलाचं नाव त्या दोनदा घ्यायच्या, दुसऱ्यांदा दाराकडे बघून. महिनोन्महिने न आलेल्या मुलांचीही नावं घ्यायच्या. मुख्याध्यापक चिडायचे, पट स्वच्छ ठेवा म्हणायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "गैरहजर लिहीन. नाव कापणार नाही."

आठवीत मी त्यांतलाच एक झालो. माझं गाव नरखेड तालुक्यात. गणिताच्या मास्तरांनी माझ्या 'मले-तुले'ची भर वर्गात नक्कल केली, वर्ग हसला आणि मी शाळा सोडली. दोन महिने संत्र्याच्या बगीच्यात पेट्या भरल्या. एका दुपारी बाई एसटीने आमच्या गावात उतरल्या. वर्गात त्यांची मराठी छापल्यासारखी असे. राग आला की मात्र ती आमच्यासारखी व्हायची. बांधावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "काहून गा, शाळा त्या मास्तरची हाय काय? त्यानं बांधली?" मी नाही म्हणालो. "मंग त्याचा राग शाळेवर काहून काढून राहिला? राग हाय तं संगं घेऊन ये. वर्गात बस आन् कर."

परत आल्यावर गैरहजेरीचा अर्ज द्यावा लागे. त्यात कारण खरंच लिहायचं, हा बाईंचा नियम. बाकीच्यांना नेहमी ताप यायचा. मी लिहिलं, 'राग आला होता.' बाईंनी सही केली आणि तो अर्ज मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मी नागपूरला कॉलेजात आलो, तेव्हा निवृत्त होऊन बाईही इथे आल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. धाकटा भाऊ विल्सन आणि त्या, दोघंच. त्यांचं देऊळ, चर्चला त्या देऊळच म्हणत, घरामागेच होतं. रविवारी बाई पुढच्या बाकावर असायच्या. विल्सनभाऊ एकेकाळी तिथे ढोलक वाजवायचे. पुढे दारू लागली, मग लाज वाटून जाणं सुटलं. बाई त्यांना कधी ओढून नेत नसत. निघताना फक्त दारातून म्हणायच्या, "विलू, जागा धरून ठेवते."

विल्सनभाऊ गेले, तेव्हा देवळाच्या मंडळीच्या, म्हणजे सभासदांच्या, कबरस्थानात जागा मागायला बाईंबरोबर मी गेलो होतो. मंडळीच्या चिटणिसांनी सभासदांची वही काढली, चष्मा पुसला आणि त्यांचं नाव तीन वर्षांपूर्वीच कमी केल्याचं सांगितलं. सतत गैरहजर, शिवाय दारू. नियम आहे, म्हणाले. वर चहाही विचारला. बाई त्या वहीकडे बघत राहिल्या. नावावर पट्टी ठेवून मारलेली सरळ रेघ होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मग माझंबी कापा."

शेवटी दुसऱ्या एका मंडळीने दया करून शहराबाहेर जागा दिली. त्या पट्टीने मारलेल्या रेघेचा राग मला आजही येतो. हात किती स्थिर असेल त्या माणसाचा. आणि मी तिथे पदवी घेऊन गप्प उभा होतो, त्याचाही येतो.

त्यानंतर चार वर्षं बाई देवळात गेल्या नाहीत. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचो. नऊला घंटा सुरू झाली की त्या मिक्सर लावायच्या. भांडं रिकामं असलं तरी लावायच्या. घंटा थांबली की बटण बंद. देवळाचे पाळक, म्हणजे पाद्री, दोनदा समजवायला आले. दोन्ही वेळा बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. पण जेवायला बसल्यावर पहिल्या घासाआधी त्यांचा हात ताटावर क्षणभर थांबायचा. मग स्वतःवरच चिडल्यासारख्या त्या भराभर जेवायला लागायच्या. ते मी पाहायचो.

एकदा न राहवून म्हणालो, जाऊ द्या बाई, देव काय सगळीकडेच असतो. बाईंनी पळी आपटली. "तुले कोणं विचारलं? सगळीकडं असणाऱ्याशी भांडता येते काय? मले त्याच्या तोंडावर विचाराचं हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याच्यावर विश्वास उरला नाही, त्याला तोंडावर काय विचारणार? बाई देवाला सोडून गेल्याच नव्हत्या. त्या फक्त रागावून घरी बसल्या होत्या, मी बगीच्यात बसलो होतो तशा. मी पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. हातात द्यायची हिंमत नव्हती.

पुढच्या रविवारी मी गेलो, तेव्हा मिक्सर बंद होता. बाई चपला घालून दारात उभ्या होत्या. "चाल," म्हणाल्या. "मी माफगिफ काही केलं नाही, सांगून ठेवते." मी देवळाच्या पायरीपर्यंत सोबत गेलो. आत प्रार्थनेसाठी कोणाची नावं आहेत, असं पाळकांनी विचारलं. बाई उभ्या राहिल्या आणि चिटणिसांकडे बघत हजेरीच्या आवाजात म्हणाल्या, "विल्सन साळवे." मग पुन्हा एकदा, दाराकडे बघून, "विल्सन साळवे."

दाराबाहेर मी होतो. मला रडू आलं आणि रागही आला.

याला आता दोन वर्षं होतील. बाई दर रविवारी जातात, ते नाव दर रविवारी दोनदा घेतात. वहीतली रेघ अजून तशीच आहे. समिती विचार करते आहे म्हणे. बाई म्हणतात, करू दे, मले घाई नाही. माझं पत्र त्यांनी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढून परत केलं. चुका सुधारून ते इथे देतो.

माननीय बाईंस,

सा. न. वि. वि.

मी आपल्या धर्माचा नाही, त्यामुळे अधिकाराने काही लिहीत नाही. आपणच शिकवलेलं आपल्याला लिहितो आहे.

देऊळ चिटणिसांचं नाही. त्यांनी ते बांधलेलं नाही. त्यांचा राग देवळावर काढू नका. राग आहे तर सोबत घेऊन जा. पुढच्या बाकावर बसा आणि तिथे करा. तोंडावर विचारायचं असेल, तर तोंडासमोर जावं लागेल.

गैरहजेरीचा अर्ज द्यावा लागला, तर कारण खरं लिहा. 'राग आला होता' हे कारण चालतं. त्यावर सही मिळते, हे मला माहीत आहे.

चिटणिसांच्या वहीचं मला कळत नाही. पण बाई, आपण गैरहजर मुलाचं नाव दोनदा घ्यायचात, दुसऱ्यांदा दाराकडे बघून. हे आपण कोणाकडून तरी शिकला असाल. तो अजून दाराकडे बघत असेल.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
किशोर
इयत्ता आठवी, तुकडी ब