धाकटीला पाठ असलेली रूपं

मॅट्रिकच्या वर्षी मी इतकी शहाणी होते की सांगायची सोय नाही. दोन वेण्या, नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि संस्कृतात पहिली! बहात्तरच्या दुष्काळात निलंग्याच्या आमच्या घरी प्यायला पाणी नव्हतं, आणि मी ओट्यावर बसून ‘करणीय’ चालवायची. ‘कृ’ला ‘अनीय’ लागलं की ‘करायलाच हवं असं’ हा अर्थ. मग ते तिन्ही लिंगांत, आठही विभक्त्यांत घोकायचं. घोकताना मी अशी डोलायची की दारची शेळीसुद्धा उठून जायची.

धाकटी सातवीत. पाण्यापायी तिची शाळा सारखी बुडायची. एकदा डोईवर घागर घेऊन आत येताना ती थबकली.

“अक्का, चुकलीस. स्त्रीलिंगी सप्तमी करणीयायाम्. काल तूच म्हनत व्हतीस की.”

पुस्तक उघडून पाहिलं. तिचंच बरोबर! तर मी पंडिताबाई काय म्हणाले? “घागर सांडंल, सरळ चाल.”

त्याच आठवड्यात आबांनी मला विचारलं, “खडी फोडायला तुझ्या मायसंगं एकीला जावं लागंल. दोघींची शाळा न्हाई जमत. धाकटीचं डोकं चालतं का गं?”

चालतं म्हटलं, तर हातोडी माझ्या हाती येईल, एवढंच मला दिसलं.

“न्हाई आबा. तिला कामच जमतंय.”

दुसऱ्या दिवसापासून ती खडीवर गेली. परत शाळेत गेलीच नाही.

पुढं लातूरचा नवा जिल्हा झाला, शाळा वाढल्या, मी तिथं संस्कृतची बाई झाले. एकदा धाकटी माझ्याकडे राहायला आली होती. सुपात तांदूळ निवडत बसली होती. शिकवणीची एक मुलगी रूपं म्हणताना नेमकी त्याच सप्तमीला अडली. धाकटी मान वर न करता म्हणाली, “करणीयायाम्, करणीययोः, करणीयासु.”

“मावशी, कुठल्या शाळेत होता तुम्ही?”

“खडीवर. हातोडीच्या ठोक्याला म्हनायची. दिवस कलायचा.”

मुली गेल्यावर मी कशीबशी सुरुवात केली. “तेव्हा आबांनी मला विचारलं होतं…”

“ठाऊक हाय. दाराआडच व्हते मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझं मॅट्रिक व्हतं की गं.”

आयुष्यभर दुसऱ्यांना रूपं सांगणारी मी, तिच्यासमोर बसले आणि गुपचूप सुपातले खडे वेचू लागले. तिनं सूप आपल्याकडे ओढलं.

“ऱ्हाऊ दे अक्का. तुला न्हाई जमायचं.”