हिरवी इरकल आणि शून्य शिल्लक

आमच्याकडे बाई गेली की माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. बोरगावची आत्या सकाळी गेली. वडिलांचे गुडघे प्रवासाचे राहिलेले नाहीत. त्यांनी बेळगावातच धाकट्या बहिणीसाठी हिरवी इरकल निवडली आणि माझ्या हातात दिली. "उशीर करू नकोस रं, ती थांबलीया," म्हणाले.

रात्री वीज गेल्यामुळे माझी विजेची गाडी जेमतेम निपाणीपर्यंत जाईल एवढीच भरली होती. तिथं अर्धा तास चार्जिंग केलं की झालं, असं मला वाटलं. मी सुशिक्षित माणूस आहे, मला असं वाटतं.

हायवेवरच्या त्या चार्जरचं उद्घाटन थाटात झालेलं दिसत होतं. पुढाऱ्याचा फलक यंत्राच्या तिप्पट होता आणि कापलेली फीत अजून खांबाला लोंबत होती. यंत्र पैसे घेत नव्हतं, ॲप घेत होतं. ॲपनं आधी माझी जन्मतारीख विचारली. वीज मला दीडशे रुपयांची हवी होती, पण वॉलेटमध्ये किमान पाचशे भरा म्हणे. भरले. बँकेतून गेले, वॉलेटमध्ये शून्य. पुन्हा भरले. पुन्हा शून्य.

सावलीत वॉचमन बसला होता. त्याच्यापुढे मी नोटा धरल्या.

"मला कशाला देताय, अण्णा? मी मशीन चोरीला जाऊ नये म्हणून हाय."

"हे कोण चोरून नेणार?"

"त्योच इचार मी बी रोज करतोय."

हेल्पलाइनवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, पैसे सात दिवसांत परत येतील. मी म्हणालो, "बाई, तिकडं मयत थांबलंय." ती म्हणाली, "सर, आणखी काही मदत करू का?" आधी कुठली केली होती, हे विचारायचं राहून गेलं.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. त्यांचे तीन फोन येऊन गेले. "ऊन लई हाय रं, माणसं ताटकळल्यात." चौथा आला नाही. शेवटी वॉचमननंच मोटारसायकल काढली. "बसा मागं. मशीन कुठं पळून जात न्हाय."

पोचलो तेव्हा आत्याला नेसवून झालं होतं. गावातल्या दुकानदारानं साडी पाठवली होती, पैशाचं मागाहून बघू म्हणाला होता.

"तीच माहेरची म्हणून नेसवली," मामा म्हणाले. "किती थांबायचं? आन् लोकांस्नी काय सांगायचं, भाच्याच्या गाडीला ॲप मिळंना?"

आमची इरकल कुणीतरी घडी न मोडताच तिच्या पायाशी ठेवली.

वडिलांचा फोन आला. "नेसवली न्हवं?"

"व्हय."

"शोभली काय तिला?"

"लई."

वडिलांशी मी पूर्वीही खोटं बोललो आहे, पण ते माझ्या चुका झाकायला. हे खोटं मला एका खांबापायी बोलावं लागलं. त्याचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.