लाकडी भावाचा सदरा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका लाकडी बाहुल्याचा सदरा. मी सुईत दोरा ओवायचो, ती शिवायची. तिला जवळचं दिसत नव्हतं, मला शिवता येत नव्हतं.

स्कारबरोच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारात एक नायजेरियन ढोलवाला राहायचा. जुळ्यातला एक. दोघं भाऊ बरोबर वाजवायचे, त्यातला दुसरा गेला. त्यांच्यात जुळ्यातलं एक गेलं की त्याचा लाकडी बाहुला करतात. त्याला आंघोळ, कपडे, जेवण, सगळं जित्या माणसासारखं. एक पोरगी ह्या भावांवर फिल्म काढत होती. शनिवारी शूटिंग, आणि हा अडून बसलेला. भावाला नवे कपडे झाल्याशिवाय ढोलाला हात लावणार नाही म्हणे.

हिनं लगेच काम अंगावर घेतलं. मापासाठी बाहुला घरी आणला, देवांशेजारी उभा केला आणि हळदकुंकू वाहिलं. ढोलवाला बघून पोट धरून हसला. "मम्मी, हा देव नाही, भाऊ आहे. पाया पडू नका, जेवायला घाला." त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला मम्मीच म्हणतात. हिनं लगेच पुढ्यात वरणभात ठेवला.

"अगं, लाकूड जेवतंय होय?"

"तुमच्यापेक्षा बरं. नावं तरी ठेवत नाही."

"हात अंगाला चिकटलेत त्याचे. बाह्या कशाला?"

"थंडी किती आहे बाहेर! आणि दोरा केवढा घेतलात? सदरा शिवायचाय, पतंग नाही उडवायचा."

शुक्रवारी दुपारी एक बाही राहिली होती. चहा ठेवायला म्हणून उठली ती ओट्याशीच कोसळली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. मुलगा व्हँकुव्हरहून निघाला. संध्याकाळी ढोलवाला माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, शूटिंग कॅन्सल केलं.

सकाळी उठलो, चष्मा लावला आणि बाही जोडायला बसलो. बाहीवाचून चाललं असतं, मीच तसं म्हणालो होतो. बोटाला तीनदा टोचलं, टाके वाकडे आले. समोरचं दार वाजवून बाहुला आणि सदरा ढोलवाल्याच्या हातात दिला.

"पोरीला बोलव. मम्मीनं घेतलेलं काम अर्धं राहायचं नाही."

पोरगी तासाभरात कॅमेरा घेऊन आली. ढोल सुरू होईपर्यंत मी दारात उभा राहिलो. मग घरी येऊन तोंड धुतलं आणि मुलाला आणायला एअरपोर्टला गेलो.