लाल होईपर्यंत

शेजारी कुणीतरी मिरच्या ओवाळून जाळल्या आणि त्या वासानं मला आमची सोलापुरातली गच्ची आठवली. माझं पहिलं बाळ हाती लागलं नव्हतं. पुन्हा दिवस गेले, तेव्हा दुधनीहून आलेल्या सासूबाईंनी तेलाच्या रिकाम्या डब्यात मिरची लावली. झाडाला हिरव्या मिरच्या लोंबायला लागल्या आणि मला नेमके ठेच्याचे डोहाळे लागले. मी हात पुढं केला की त्या म्हणायच्या, "त्याला हात न्हाय लावायचा. लाल होऊ दे की. ठेच्याला बाजारच्या हायत." मला रागच यायचा. मिरच्या लाल झाल्या, झाडावरच वाळल्या, तरी त्या तोडेनात. लेकीला घेऊन दवाखान्यातून आले, तेव्हा मला उंबऱ्यातच थांबवून त्यांनी त्याच मिरच्या मीठ-मोहरीसकट उतरवल्या. आधी माझ्यावरून, मग बाळावरून. विस्तवावर टाकल्या, तर कुणालाच ठसका लागला नाही. "ठसका न्हाय, म्हंजी लई दृष्ट लागली हुती गं तुला," म्हणत त्यांनी पदरानं डोळे पुसले. धूर तर त्यांच्याकडं जातच नव्हता. आता तीच लेक बाळंतपणाला आलीय. गॅलरीतल्या कुंडीत मिरच्या अजून हिरव्या आहेत, आणि मी तिला ठेचा बाजारच्या मिरच्यांचा करून घालतेय.