जमीन थांबतच न्हाय

“ऐकू न येणाऱ्या पोरीची आवाजाची तक्रार आहे म्हणे. आता तुम्हीच बघा,” असं म्हणत आमच्या शेठनी फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे दत्ताभाऊ होते. हातकणंगल्याजवळ त्यांची डेअरी आहे. आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

“ताई, लेक सांगायलीय, जमीन थांबतच न्हाय. उद्या पोरी यायच्या हायत. आजच्या आज या की!”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात मी होम थिएटर बसवायचं काम करते. लोकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. आवाज फाटतो, रिमोट चालत नाही, शेजारी भांडतात. जमीन थांबत नाही, ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होते. बॅग उचलली, स्कूटरच्या डिकीत केबलचं बंडल टाकलं आणि निघाले.

दत्ताभाऊंची मुलगी प्रणाली जन्मापासून ऐकू शकत नाही. तरी ती नाच शिकली, आणि आता तिला तिच्यासारख्याच मुलींना शिकवायचं होतं. त्यासाठी वडिलांनी वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांची जमीन करून घेतली आणि तिच्यावर दोन सबवूफर ठेवले. सबवूफर म्हणजे फक्त खालचा, जाडा आवाज काढणारं खोकं. हलगीचा, ढोलाचा दणका त्यातून निघतो, फळ्यांत उतरतो आणि अनवाणी पायांना कळतो. गाणं वाजवणारा रिसीव्हर मात्र खाली, टीव्हीजवळ. “एकच मशीन, वर-खाली दोन्हीकडं,” हा दत्ताभाऊंचा हिशोब.

सिस्टिम आमच्या दुकानातूनच गेली होती. वायर बांधकामाच्या वेळी त्यांच्या वायरमनने भिंतीत टाकून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सात मुली येणार होत्या, आईबापांसकट. आजवर या मुली समोर उभ्या असलेल्या बाईंचे हात बघून नाचत. पायांनी ताल कळतो, यावर त्यांच्या घरच्यांचा विश्वास नव्हता. एकदा बघतो आणि मग ठरवतो, असं सगळ्यांनी सांगितलं होतं.

मी वर गेले. रिसीव्हर चालू होता, गाणं बंद. दोन्ही सबवूफरना कान लावला. डोक्यावर पंखा फिरत होता, खाली दुधाची गाडी घुरघुरत होती. मला काहीच ऐकू येईना.

“मला तर सगळं ठीक वाटतंय,” मी म्हणाले.

दत्ताभाऊंनी ते हातांच्या खुणांनी मुलीला सांगितलं. बोलताना गल्ली हलवणारा हा माणूस खुणा करताना एकदम हळू होत होता. प्रणालीने मान हलवली, माझा हात धरला आणि तळवा फळीवर टेकवला. मग तिने पंखा बंद केला.

बोटांखाली बारीक थरथर होती, हाताला मुंग्या येतात तशी. आणि आता कानालाही लागत होतं, अगदी अंधुक, “हंऽऽऽ”.

तरी मला खात्री करायची होती. गाडीचं इंजिनही जमीन हलवतं. मी म्हटलं, “तिला पाठ करून उभं राहू दे. मी सबवूफर चालू-बंद करते. बंद झाला की तिने हात वर करायचा.”

दत्ताभाऊ भडकले. “माज्या पोरीची परीक्षा घ्यायलायसा व्हय?”

मी काही बोलायच्या आत प्रणालीने त्यांच्या दंडावर चापट मारली आणि स्वतःच पाठ फिरवून उभी राहिली.

मी बटणं दाबत गेले. मध्येच मुद्दाम बराच वेळ थांबले, मुद्दाम खोक्यावर नुसतीच टिचकी मारली. ती एकदाही चुकली नाही. शेवटी तिने वळून मोबाइलवर टाइप केलं आणि मला दाखवलं : “हलगी थांबते तेव्हा पाय थांबले पाहिजेत. जमीनच थांबत नाही, मग मी मुलींना थांबायला कसं शिकवू?”

आता मात्र काम स्पष्ट झालं.

सबवूफरच्या पोटात आवाज मोठा करणारा स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो. रिसीव्हरकडून त्याला ताकद नको असते, नुसती सूचना हवी असते. ती सूचना फार कमजोर असते, कुजबुजीसारखी. तिला न्यायला जी केबल लागते तिच्यात मधे एक तार आणि भोवती तांब्याची बारीक जाळी असते. आसपासच्या विजेची घरघर ही जाळी आतल्या तारेपर्यंत जाऊ देत नाही. इथला भिंतीतला बोर्ड उघडला, तर आत साधी स्पीकरची वायर होती, बिनजाळीच्या दोन तारांची. आणि ती गेली होती एसीच्या वायरच्याच पाइपातून. कुजबुज करणाऱ्याला मिक्सरशेजारी बसवल्यासारखं झालं होतं. सबवूफर बिचारा जे येईल ते मोठं करून जमिनीत ओतत होता.

बॅगेतली जाळीची लांब केबल काढली, जिन्यावरून सोडली आणि एक सबवूफर तिला जोडला. दुसरा बंद ठेवला. प्रणाली गुडघे टेकून बसली, दोन्ही तळवे फळीवर. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हवेत एक सरळ आडवी रेघ मारली. सपाट. शांत.

“मग जाळीचीच बसवा की!” दत्ताभाऊ ओरडले. लगेच आत जाऊन एक मखमली पेटी घेऊन आले. भाच्याच्या सांगण्यावरून मागवलेली परदेशी केबल. अंगठ्याएवढी जाड, सोनेरी पिना. “ही हाय बगा. एक नंबर माल!”

केबल चांगली होती, यात वाद नाही. पण नवीन केबल एसीच्या पाइपातून न्यायची नव्हती. दुसरा रस्ता शोधताना मला भिंतीत टेलिफोनचा पाइप सापडला. घर बांधताना टाकलेला. टेलिफोन काही आलाच नाही. पाइप अरुंद. त्यातून दोन केबली न्यायच्या, दर सबवूफरला एक. ती मखमलीतली एकसुद्धा शिरली नसती.

मी डिकीतलं बंडल आणलं. सीसीटीव्ही कॅमेऱ्याला वापरतात ती केबल. मधे तांब्याची तार, वर तांब्याची दाट जाळी, बारीक आणि लवचिक.

“क्यामेऱ्याची वायर?” दत्ताभाऊंचा चेहरा पडला. “माज्या पोरीला?”

“ठरवू दे तिलाच,” मी म्हणाले.

तिने परत पाठ केली. मी आलटून पालटून दोन्ही केबलींवर हलगी वाजवली. प्रणाली फळीवर पाय रोवून उभी. शेवटी तिने खांदे उडवले आणि टाइप केलं : “दोन्ही सारख्या. पाइपात जाते ती लावा.”

दत्ताभाऊंनी ते दोनदा वाचलं. पेटी बंद केली.

केबल ओढून न्यायची लांब स्प्रिंग पाइपात घातली, तर ती मधेच अडली. कुठं अडली ते कळेना. नव्या रंगाची भिंत, दत्ताभाऊ म्हणाले, “फोडा, पन सगळी फोडू नगा.” मी स्प्रिंग पुढं-मागं आपटत होते, तेवढ्यात प्रणालीने भिंतीवर हात फिरवायला सुरुवात केली. जिन्याच्या वळणावर तिचा तळवा थांबला. तिथं तिने बोट टेकवलं. छिन्नीने तेवढंच प्लास्टर उडवलं. आत सिमेंटचा गोळा, सुपारीएवढा. तो काढला आणि स्प्रिंग सरकन वर निघाली.

केबली ओढल्या, चारी टोकांना पिना सोल्डर करून जोडल्या, घट्ट बसल्यात का बघितलं. संध्याकाळच्या चहाच्या वेळेला काम संपलं. दोन्ही सबवूफर चालू, गाणं बंद. प्रणालीने पुन्हा हवेत ती आडवी रेघ मारली आणि मला कडकडून मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं होतंच. सात मुली फळ्यांवर अनवाणी उभ्या. आईबाप भिंतीला टेकून. प्रणाली मुद्दाम मुलींच्या मागे उभी राहिली, म्हणजे कुणाला तिचे हात दिसू नयेत.

हलगी सुरू झाली. पहिल्या दणक्याला मुली दचकल्या, एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीने पाय आपटला, दुसरीने आपटला, आणि बघता बघता सातही जणींचे पाय हलगीवर पडू लागले. प्रणालीने मोबाइल दाबला. हलगी एकदम थांबली.

सातही जणी जागच्या जागी थांबल्या. एकीचा पाय तर हवेतच.

कुणाची तरी आई मोठ्याने रडायला लागली. दत्ताभाऊ भिंतीपासून पुढं धावले. “परत लाव! परत लाव की!” ते ओरडत होते, आणि खुणा करायच्या विसरूनच गेले होते. पण प्रणालीला कळलं. तिने परत लावलं. त्या दिवशी ते किती वेळा लागलं, विचारू नका. सातही मुलींची नावं नोंदवूनच पालक खाली उतरले.

दुकानात लोक मला विचारतात, सबवूफरला कुठली केबल सगळ्यात भारी? मी सांगते, जाळीची घ्या, पिना घट्ट बसवा. आणि ती कुठून जाणार आहे, ते आधी दाखवा. यावर बहुतेक जण थोडा विचार करतात आणि विचारतात, “ते झालं, पण सोनेरी पिनांची आहे का?”

आहे. तीही ठेवतो आम्ही.