झांजा कुणाच्या हातात दिल्या

अन्याय माझ्या काकांवर झाला. देवउठनी, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी, लग्नांच्या सीझनच्या पहिल्याच वरातीत, आमच्या शहरातल्या नई सडकेवर. केस पिकेपर्यंत युफोनियम वाजवलेल्या माणसाच्या हातातून बँडमालकाने ते काढून घेतलं आणि झांजा दिल्या. "उस्ताद, आपकी फूंक गई." मी फुटपाथवर उभी होते. बाकीचे वादक हसलेसुद्धा नाहीत. ते जास्त लागलं.

युफोनियम म्हणजे छातीशी धरायचं, जाड आवाजाचं पितळी वाद्य. फूंक गेली नव्हती. पडाव भागातल्या त्या बँडच्या दुकानात वाद्यं मालकाची, फुंकायची माउथपीसंही मालकाचीच. वरात संपली की सगळी एका डब्यात, पुढच्या वरातीला हाताला येईल ते. यंदा सीझनआधी मालकाने युफोनियम नवं आणलं, रुंद नळीचं. त्याचं माउथपीस कुणीतरी मोठ्या ट्रम्बोनला, त्या सरकत्या नळीच्या वाद्याला लावलं, आणि जुन्या लहान ट्रम्बोनचं काकांकडे आलं. ओठांना लागणारी वाटी दोन्हींची जवळपास सारखी, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण नळीत जाणारी दांडी एकाची जाड, दुसऱ्याची बारीक. बारीक दांडी रुंद नळीत हलते, बाजूने हवा निसटते, सूर जागेवर राहत नाही.

यावर बँडवाल्यांचा इलाज ठरलेला: दोरा गुंडाळा, ठोकून बसवा. काकांनीही गुंडाळला. तालमीत सूर तरी हलायचाच, मग ते ओठ आणखी दाबायचे. घरी वरणाचा घोटसुद्धा झोंबायचा.

काकू म्हणाली, "डॉक्टरला दाखवा ना."

"काय दाखवू? वय झालं, बस."

त्यांनी स्वतःच मान्य करून टाकलं होतं! पण मला तो गुंडाळलेला दोरा खटकत होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढत दुकानात नेलं आणि माउथपीसांचा डबा उपडा केला.

मालक म्हणाला, "बिटिया, सब एक ही है. पीतल में पीतल लगेगा."

"तो अपनी स्कूटर में ट्रक का पहिया लगा लो!"

"ए, चुप बस," काका पुटपुटले. "हमेशा काय भांडतेस?"

पण जाड दांडीचं माउथपीस मी पुढे केलं, तेव्हा त्यांनी ते घेतलं. दोऱ्याशिवाय बसलं. सुजलेल्या ओठांनी त्यांनी खालचा एक लांब सूर धरला. तो हलला नाही.

मालकाने ऐकलं. ऐकून म्हणाला, "ठीक है, पर इस सीझन की पार्टी तो बन गई." वादकांच्या त्या ताफ्यात काकांच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. चूक दुकानाची, शिक्षा काकांना. ते अजून झांजाच वाजवतात, आणि मला समजावतात, "हलक्या असतात गं."

तुमच्या घरी लग्न निघेल. बँडचा ॲडव्हान्स देण्याआधी मालकाला विचारा, प्रत्येकाला त्याच्या वाद्याला बसणारं, त्याचं स्वतःचं माउथपीस दिलंय का? नसेल तर तो बँड घेऊ नका. आणि पडावच्या बँडमध्ये पांढऱ्या मिशांचा माणूस झांजा धरून दिसला, तर वरात थांबवा आणि मालकाला सांगा: आधी त्याचं युफोनियम त्याला द्या.